वास न येणारा दोष

इंदापूर तालुक्यातल्या कुठल्याही दूध संकलन केंद्रावर सकाळची पहिली पारख नाकानं होते. किटलीचं झाकण उघडलं की केंद्रावरचा माणूस आधी वाकून वास घेतो, कारण आत कोंडलेला वास उघडल्या क्षणी सर्वांत जास्त कळतो. आंबूस, धुरकट किंवा औषधी वास आला तर ती किटली बाजूला राहते. वास ठीक असला की दूध मापात पडतं, थोडा नमुना मशीनला लागतो आणि लगेच आकडे येतात: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेला घनभाग), डिग्री, पाणी. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हा गाईच्या दुधाच्या दराचा पाया. आकडा त्याखाली घसरला की लिटरमागं पैसे कापले जातात. शेतकरी चिठ्ठी घेतो, ‘आज फॅट लागली नाही’ म्हणतो आणि गाडीला किक मारतो.

या सगळ्यात ठरते ती दुधाची किंमत. ते दूध पोटात गेल्यावर अपाय करील का, हा प्रश्न त्या चिठ्ठीवर कुठंच नसतो. बारामती आणि इंदापूर हे तालुके दूध, ऊस, द्राक्षं, डाळिंब, पेरू आणि उजनीची मासळी पिकवून राज्याला आणि परदेशालाही खाऊ घालतात. इथं पिकवणारा आणि खाणारा पुष्कळदा एकाच घरात असतो. त्यामुळं अन्न खाण्याजोगं आहे की नाही हे माणसं कशावरून ठरवतात आणि त्यांचं ठरवणं कुठवर पुरतं, हे पाहायला या भागाइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

आधी नाकाची आणि जिभेची बाजू. ती हलकी समजण्याचं कारण नाही. विटलेली आमटी, फसफसलेलं वरण, खवट शेंगदाणा, कुबट पीठ, जाळी धरलेला रवा हे स्वयंपाकघरातल्या बाईला झाकण उघडताच कळतं, आणि बहुतेक वेळा तिचा निकाल बरोबर असतो. अन्न नासवणारे जंतू आम्ल, वायू आणि वास तयार करतात; हजारो वर्षांत आपली इंद्रियं त्याच खुणांवर तयार झाली. शिवाय शरीराची आठवण पक्की असते. अमेरिकेत जॉन गार्सिया यांनी १९५५ मध्ये उंदरांवर प्रयोग केले. गोड पाणी पिताना त्यांना किरणोत्सर्गानं आजारी पाडलं, तर पुढं ते त्या गोड पाण्याला तोंड लावेनात. आपल्याकडं लग्नातल्या बासुंदीनं एकदा बाधलेला माणूस पुढं कित्येक वर्षं बासुंदीची वाटी बाजूला सारतो, तेव्हा तेच घडत असतं.

या इंद्रियज्ञानावर पिढ्यांनी नियम बांधले. तुकाराम महाराजांची पालखी दर वर्षी उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी अशी या दोन्ही तालुक्यांतून जाते. वारकऱ्याच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, भाजलेले शेंगदाणे, गूळ असं असतं. पाणी कमी असलेलं, मिठाचं, भाजलेलं ते टिकतं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. अन्नदानाच्या मांडवातही जुनं वळण एकच: चुलीवरून उतरलं की पंगतीला, आणि उरलेलं सकाळी पुन्हा वाढायचं नाही. आजचं शास्त्र सांगतं की ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान जंतू झपाट्यानं वाढतात आणि आषाढाच्या दमट हवेत मोठ्या पातेल्यातला भात तासन्‌तास याच पट्ट्यात राहतो. म्हणजे मांडवातलं वळण शास्त्राला धरूनच आहे.

पण त्याच मांडवात नाकाची हद्दही दिसते. वाढणाऱ्याच्या बोटाला पिकलेली जखम असेल तर तिच्यातला स्टॅफिलोकोकस जंतू खव्यात, बासुंदीत, सोललेल्या बटाट्यात उतरतो आणि विष तयार करतो. त्या विषाला वास नाही, चव नाही, आणि पदार्थ पुन्हा उकळला तरी ते जात नाही. दोन-चार तासांत निम्मी पंगत ओकाऱ्यांनी बेजार होते, आणि ‘चव तर चांगली होती’ असंच सगळे सांगतात. खरंच असते.

पाण्याचं तर उलटंच. वारीत आरोग्यसेवक टँकर आणि विहिरींत टीसीएल पावडर टाकतात आणि ओटी टेस्ट घेतात: परीक्षानळीतलं पाणी थेंबभर द्रावणानं पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे, म्हणजे पाणी पिण्याजोगं. त्या पाण्याला पावडरीचा वास येतो. लोकांना तो आवडत नाही, आणि कित्येक जण शेजारच्या विहिरीचं थंड, गोड, बिनवासाचं पाणी पसंत करतात. गॅस्ट्रो त्याच पाण्यातून येऊ शकतो. जिभेला चांगलं लागतं ते चांगलं, हा नियम इथं माणसाला थेट दवाखान्यात नेतो.

उपवासाची भगर हे याहून मोठं उदाहरण, आणि ते महाराष्ट्राचं स्वतःचं आहे. एकादशी, महाशिवरात्र, नवरात्र आलं की कुठून ना कुठून भगरीतून विषबाधेची बातमी येतेच. २० फेब्रुवारी २०२४ ला एकादशीच्या दिवशी बुलढाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात भगर-आमटीचा प्रसाद घेऊन सुमारे ५०० माणसं आजारी पडली. दवाखान्यात जागा नव्हती. रस्त्यावर दोऱ्या बांधून सलाईनच्या बाटल्या लटकवाव्या लागल्या. अन्न व औषध प्रशासन या बाबतीत वर्षानुवर्षं एकच सांगत आलं आहे. भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी सहज वाढते आणि तिच्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषं तयार होतात. पीठ करून ठेवलेली भगर हवेतला ओलावा आणखी शोषते. म्हणून सुटं पीठ घेऊ नका, बंद पाकिटातली भगर घ्या, निवडून, धुऊन, वाळवून घरी लागेल तेवढीच दळा. उपवासाचा पदार्थ म्हणजे शुद्ध आणि पोटाला हलका, या ठाम समजुतीपुढं हा सल्ला हरतो. वारीच्या वाटेतही एकादशी येते. त्या दिवशी भगरीचा प्रसाद करणाऱ्या प्रत्येक मंडळानं ही तीन-चार वाक्यं मांडवात लावावीत, असं मला कळकळीनं वाटतं.

बुरशीशी आपली ओळख जुनी आहे आणि तिथं शेतकऱ्याची नजर चांगली तयार झालेली आहे. बाजरीवरचा अरगट घ्या. १९५६-५७ मध्ये तेव्हाच्या मुंबई राज्यात अरगट लागलेली बाजरी खाऊन लोकांना मळमळ, उलट्या आणि गुंगी आल्याची नोंद आहे. त्यावर उपाय साधा निघाला. १० लिटर पाण्यात २ किलो मीठ विरघळवून त्यात बाजरी सोडली की अरगटाच्या हलक्या काळ्या गाठी वर तरंगतात. त्या काढायच्या आणि दाणे दोन-तीनदा साध्या पाण्यानं धुवायचे. जिरायती बारामतीत पेरणीआधी बियाण्याला अजून हेच करतात. डोळ्याला दिसणारा दोष आणि घरात होणारा उपाय, अशी जोडी जमली की लोक मनापासून करतात.

दोष दिसत असूनही खावं लागतं, अशी वेळही येते, आणि तिचा विचार न करता केलेली चर्चा अपुरी राहते. १९७४ च्या शेवटी राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातेतल्या पंचमहाल भागात पावसानं भिजून बुरशी आलेला मका खाऊन आदिवासी गावांत शंभरावर माणसं गेली. कुत्रीही आजारी पडली. मका खराब आहे हे उघड दिसत होतं. घरात दुसरं धान्य नव्हतं. आपल्याकडं १९७२ च्या दुष्काळात रेशनची तांबडी मिलो आणि कामावर मिळणारी सुकडी खाऊन याच भागातल्या माणसांनी दिवस काढले. त्या वर्षी धान्य पारखून कुणी परत केलं नाही. पारख करायला आधी निवड असावी लागते.

आणि एक पारख अशी आहे जिला पारख म्हणणंच चुकीचं, तरी तिनं आपल्या गावांचं जेवण सर्वांत जास्त काळ ठरवलं: कुणाच्या हातचं? २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी पाणी प्याले, तर पुढं त्या तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या पाण्याच्या घागरी तळ्यात ओतल्या गेल्या. पिण्याच्या पाण्यात शेण कालवून ते शुद्ध झालं असं मानणारी ही नजर आरोग्याची नव्हतीच. ती माणसाला दूर ठेवण्याची होती, आणि ती अजून पुरती गेलेली नाही. शाळेतली खिचडी कुणी शिजवायची यावरून वाद होतात तेव्हा ती वर येते. हात धुतले होते का, जखम होती का, पाणी कुठलं, हे स्वयंपाक्याबद्दल विचारण्याचे खरे प्रश्न. जात विचारून यातल्या एकाचंही उत्तर मिळत नाही.

आता दुधाकडं परत येतो, कारण खरी अडचण तिथं आहे.

दुधाबद्दल लोकांच्या मनात भीती आहे ती भेसळीची: युरिया, साबण, तेल, ‘केमिकलचं दूध’. ती निराधार नाही. भेसळखोरांवर धाडी पडतात, आणि २०२३ मध्ये राज्य सरकारनं जिल्हावार तपासणी समित्याही नेमल्या. पण देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०१८ मध्ये केलेली पाहणी नीट वाचण्यासारखी आहे. १,१०३ शहरांतून ६,४३२ नमुने घेतले. भेसळीमुळं पिण्यास असुरक्षित ठरलेले नमुने निघाले फक्त १२. अफ्लाटॉक्सिन एम१ या विषाचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त असलेले निघाले ५.७ टक्के, आणि प्रतिजैविकांचे अवशेष जास्त असलेले १.२ टक्के. आणखी एक गोष्ट: अफ्लाटॉक्सिन सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या, म्हणजे पिशवीबंद दुधात जास्त आढळलं. पिशवी म्हणजे निर्धोक, ही शहरी समजूत इथं डळमळते. ज्याची भीती वाटते त्यापेक्षा ज्याचं नावही ठाऊक नाही ते जास्त प्रमाणात सापडलं.

हे विष दुधात येतं कुठून? गोठ्यातून, आणि गोठ्यात येतं पेंडीतून, मक्यातून, मुरघासातून. अफ्लाटॉक्सिनचा शोधच पेंडीमुळं लागला. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून जास्त टर्की पक्षी मेले, आणि त्याचा माग बुरशी आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत लागला. दुभत्या गाईच्या पोटात अफ्लाटॉक्सिन बी१ गेलं की त्याचा साधारण १ ते ३ टक्के भाग एम१ होऊन दुधात उतरतो, तोही दिवसभराच्या आत. खाद्य बदललं तर तीन-चार दिवसांत दूध पुन्हा निर्मळ होतं. ते एकदा दुधात आलं की मात्र उकळून जात नाही, पाश्चरीकरणानं जात नाही, दही-पनीर केलं तरी राहतं. आणि वास? अजिबात नाही. केंद्रावरचं नाक आणि फॅटचं मशीन दोन्ही त्याला पास करतात.

म्हणजे ज्या जागी हा दोष माणसाला दिसू शकतो ती एकच: गाईपुढची गव्हाण. मुरघासाची पन्नास किलोची बॅग उघडताना पाहावी. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो, त्याला आंबटगोड, काहीसा ताकासारखा वास येतो, मुठीत दाबला तर पाणी गळत नाही आणि मूठ सोडली की तो हळूहळू मोकळा होतो. उंदरानं बॅग कुरतडली असेल किंवा भरताना नीट दाबली नसेल तर हवा शिरलेल्या ठिकाणी पांढरी, निळसर, हिरवट बुरशी धरते आणि तिथला घास गोळे होऊन निघतो. शहाणा शेतकरी ते गोळे भोवतालच्या बऱ्याच भागासकट उकिरड्यावर टाकतो. अडचणीतला शेतकरी वरवरचं काढून बाकीचं घालतो, कारण मका विकत घेऊन, कुट्टी करून भरलेली ती बॅग असते. सरकी पेंडीचं तसंच: पोतं ओल्या भिंतीला लागून राहिलं की तळाचा थर धरतो. ‘जनावराला काय होतंय’ हे वाक्य गोठ्यात सर्रास ऐकू येतं. जनावराला लगेच काही होत नाहीच. होतं ते घरातल्या लहान मुलाच्या पेल्यात.

यावर मर्यादा आहेत. पशुखाद्यात अफ्लाटॉक्सिन बी१ किलोला २० मायक्रोग्रॅमपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. दुधात एम१ लिटरला साधारण ०.५ मायक्रोग्रॅम ही आपली मर्यादा. युरोपात तिचा दहावा हिस्सा, ०.०५. पण संकलन केंद्रावर शेतकऱ्याला या आकड्यासाठी एक पैसा जास्त मिळत नाही, की कमी होत नाही. ज्या गोष्टीवर पैसे कापले जातात ती गोष्ट सुधारते. फॅट आणि एसएनएफच्या बाबतीत गेल्या कित्येक वर्षांत हे आपण पाहिलं. कोरड्या जागेत पेंड ठेवणाऱ्याला आणि बुरशीचा मुरघास फेकणाऱ्याला दरात काहीच मिळणार नसेल, तर नुसत्या प्रबोधनानं गोठा बदलणार नाही.

प्रतिजैविकांचीही गोष्ट जवळपास तशीच. गाईला दगडी, म्हणजे कासदाह, झाली की सडात ट्यूब सोडतात, इंजेक्शनं होतात, आणि लेबलवर लिहिलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. ऐन हप्त्याच्या तोंडावर वीस लिटर दूध ओतून देणं कुणाला परवडतं? इथं मात्र घराकडं एक जुनी खूण आहे. प्रतिजैविक असलेल्या दुधाला विरजण नीट लागत नाही, कारण दही लावणारे जंतूच त्यात मरतात किंवा मंदावतात. थंडीनं किंवा जुन्या विरजणानंही दही लागत नाही, म्हणून ती खूण पक्की नाही. पण ऐन उन्हाळ्यात, चांगल्या विरजणानं, पुन्हा पुन्हा दही लागत नसेल तर दूध कुठून आलं ते विचारायला हरकत नाही.

द्राक्षांनी हा सगळा प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं सोडवून दाखवला आहे, म्हणून त्यांच्यापाशी थोडं थांबायला हवं. इंदापुरातलं बोरी गाव काळ्या द्राक्षांसाठी ओळखलं जातं. तिथला आणि आसपासचा माल परदेशी जातो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या केंद्रीय संस्थेनं २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केलं. बागेची नोंदणी होते, प्लॉटला क्रमांक मिळतो, कुठलं औषध कधी मारलं याची वही ठेवावी लागते. तोडणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना नेतो. अवशेष मर्यादेत असले तरच माल हलतो, आणि तिकडच्या दुकानातल्या पेटीवरून बागेपर्यंत माग काढता येतो. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र या व्यवस्थेचा कणा.

ही व्यवस्था ठेच लागून पक्की झाली. २०१० मध्ये भारतातून गेलेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड युरोपच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. बागायतदार ज्याला लिहोसिन म्हणून ओळखतात तेच हे सीसीसी; काडीची वाढ रोखून घडनिर्मितीला मदत व्हावी म्हणून वापरलं जाणारं. तपासायच्या यादीतच ते नव्हतं. कंटेनर अडकले, माल पडून राहिला आणि बागायतदार कर्जात गेले. मणी टपोरे होते, साखर भरलेली होती, चव उत्तम होती. दोष ज्या जागी होता तिथं जीभ पोचत नाही. पुढं यादी वाढली, बागायतदार फवारणीच्या वेळापत्रकाबाबत काटेकोर झाला, काढणीपूर्व किती दिवस औषध बंद ठेवायचं हे त्याच्या तोंडपाठ झालं. तोच माणूस, तीच जमीन. फक्त समोरच्यानं तपासून घ्यायचं ठरवलं.

आणि त्याच बागेतला जो माल निर्यातीला जात नाही, तो बारामतीच्या, इंदापूरच्या, भिगवणच्या बाजारात हातगाडीवर येतो. तिथं त्याची पारख कशावर होते? रंगावर, आकारावर, एक मणी तोंडात टाकून. एक गंमतशीर वाटेल पण खरी गोष्ट: मण्यांवरचा पांढुरका थर पाहून गिऱ्हाईक नाक मुरडतं, ‘औषध बसलंय’ म्हणतं आणि फडक्यानं पुसलेला चकचकीत घड घेतं. तो थर पुष्कळदा द्राक्षाचं स्वतःचं मेण असतं आणि ते ताज्या, कमी हाताळलेल्या मालाची खूण आहे. औषधाचा अवशेष दिसत नाही. आंतरप्रवाही औषध तर सालीच्या आत असतं, ते मिठाच्या पाण्यात बुडवूनही निघत नाही. धुणं योग्यच आहे, धूळ, जंतू आणि वरचा अवशेष त्यानं कमी होतो. पण धुतलं म्हणजे झालं, असं नाही.

डोळ्यांनी फसण्याचे असे प्रकार बरेच. पिवळाधमक गूळ चांगला म्हणून उठतो, आणि तो रंग आणायला काही गुऱ्हाळांवर हायड्रोज पावडर पडते. भेंडीच्या रसानं मळी काढलेला तांबूस, काळपट गूळ मागं राहतो. म्हणजे गिऱ्हाइकाची आवडच रसायनाला बोलावते. केळ्यांबाबत ‘साल पिवळी आणि देठ हिरवा म्हणजे पावडरीनं पिकवलेली’ असं सगळीकडं सांगतात. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. पण रायपनिंग चेंबरमध्ये थंड हवेत इथिलिन वायू देऊन, म्हणजे कायद्यानं मान्य पद्धतीनं पिकवलेल्या केळ्यांचे देठही हिरवेच राहतात. या खुणेवरून नियम पाळणारा व्यापारी आणि न पाळणारा व्यापारी यांत फरक करता येत नाही.

भिगवणच्या मासळी बाजारात मात्र पारखणाऱ्याचा हात पाहण्यासारखा असतो. चिलापी, रोहू, कटला, मरळ, वाम. कल्ला उचलून लाल आहे का बघायचं, डोळा फुगीर नि स्वच्छ आहे का, बोट दाबलं तर खळगा भरून येतो का. दोन सेकंदांत निकाल, आणि ताजेपणाबद्दल तो अचूक. पण भीमेवरचं उजनी धरण १९८० मध्ये पुरं झालं तेव्हाची भीमा आज नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून, भीमेतून याच जलाशयात येऊन थांबतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होतं, वास मारतो. लाल कल्ला सांगतो की मासा आज सकाळी जिवंत होता. तो कुठल्या पाण्यात वाढला हे सांगत नाही. ते विचारायचं असेल तर पाण्याची आणि माशाची नियमित तपासणी आणि तिचे आकडे भिगवणच्या बाजारात फळ्यावर लिहिलेले हवेत. तशी मागणी मच्छीमारांनी आधी करावी, कारण अफवेनं बाजार बसतो तेव्हा पहिला तोटा त्यांचा. गोव्यात २०१८ च्या जुलैत मासळीत फॉर्मेलिन असल्याचं प्रकरण झालं. जागेवरची चाचणी एक म्हणाली, प्रयोगशाळा दुसरं. माशात थोडं फॉर्मल्डिहाइड मुळातच असतं ही गोष्ट नीट सांगायला कुणी आलं नाही, आणि लोकांनी मासळीच सोडली. तपासणी आधीपासून आणि उघड नसली की संकटाच्या दिवशी तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही.

इतकं सगळं लिहून नाकाला निवृत्त करावं, असं मात्र मी म्हणणार नाही. १६ जुलै २०१३ ला बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मसती गंडामनच्या शाळेत मध्यान्ह भोजनात २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मिसळलं होतं. तेलाचा वास वेगळा आहे हे स्वयंपाकिणीला जाणवलं होतं, भाजीची चव विचित्र आहे असं मुलं म्हणत होती. त्यांचं ऐकलं गेलं नाही. आपल्या शाळांमध्ये आज शिक्षकांनी आधी चव घेऊन चव रजिस्टरवर सही करायची असते. ती सही जेवण झाल्यावर एकगठ्ठा होत असेल तर ते रजिस्टर रद्दीत घालावं. नाकानं धोका सांगितला तर तो मानायचाच. नाक गप्प राहिलं म्हणून धोका नाही, असं समजायचं नाही.

पाकिटावरच्या तारखेबद्दल थोडक्यात. ती तारीख ठरावीक थंडाव्यात, न फोडलेल्या पाकिटाला लागू असते. ज्या टपरीतला फ्रीज रात्री बंद ठेवतात, किंवा जिथं लाईट चार-पाच तास जाते, तिथल्या दुधाच्या पिशवीवरची तारीख फारसं काही सांगत नाही. सुट्या मिठाईच्या ट्रेवर ‘अमुक तारखेपर्यंत खाणं योग्य’ असं लिहिणं १ ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. किती दुकानांत ती पाटी दिसते, हे वाचकांनी आपापल्या चौकात पाहावं.

मग करायचं काय? शेतकऱ्याच्या घरी पुष्कळदा भाजीचा एक वाफा बिनफवारणीचा असतो, घरच्यासाठी. त्याचा राग यायला नको. औषधाचं काय होतं हे तो जाणतो, आणि आपल्या लेकरांना जपतो. पण ज्या समाजात पिकवणारा स्वतःसाठी वेगळा वाफा ठेवतो, त्या समाजानं बाजारातल्या मालाची जबाबदारी कुणाची हे ठरवायला हवं. युरोपच्या गिऱ्हाइकासाठी आपण ती घेऊन दाखवली. बारामतीत कृषी विज्ञान केंद्र आहे, माती-पाणी-देठ तपासून घेण्याची सवय शेतकऱ्याला लागलेली आहे, मोठ्या डेअऱ्या आहेत, बाजार समित्या आहेत. डेअऱ्यांनी दरपत्रकात फॅट-एसएनएफच्या शेजारी अफ्लाटॉक्सिन आणि प्रतिजैविकमुक्त दुधाचा वाढीव दर लिहावा. बाजार समित्यांनी दर आठवड्याला आलेल्या भाजी-फळांतले काही नमुने अवशेषांसाठी पाठवावेत आणि निकाल गेटवर लावावेत. यात नवं काही शोधायचं नाही. बोरीतल्या बागायतदारानं जे परदेशासाठी केलं तेच इंदापूरच्या आठवडे बाजारासाठी करायचं आहे.

तोवर वाचकाच्या हातात एक अधिकार आहे, तो फारसा कुणी वापरत नाही. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ च्या कलम ४० प्रमाणे कुणीही साधा ग्राहक विकत घेतलेला पदार्थ फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. घेतानाच दुकानदाराला तसं सांगायचं असतं. विश्लेषकानं नमुना मिळाल्यापासून १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि पदार्थ कायद्याच्या कसोटीला उतरला नाही तर भरलेली फी परत मिळते. तालुक्यातल्या दहा-बारा बचत गटांनी मिळून वर्षातून दोनदा, एकदा दुधाची आणि एकदा भगरीची, अशी तपासणी करून घ्यावी आणि निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा.